नफ्याचा वारस विज्ञान, कामगारांचे काय?

एप्रिल २०१० मध्ये डेन्मार्कमधील 'कार्ल्सबर्ग' या विख्यात बिअर कंपनीच्या शेकडो कामगारांनी काम बंद केले. कामाच्या जागी दिवसभर मिळणारी बिअर यापुढे केवळ जेवणाच्या सुट्टीत, उपाहारगृहातच मिळेल, असा नियम व्यवस्थापनाने केला होता. जगभरात हा संप थट्टेचा विषय झाला. कामगारांच्या लेखी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक हक्क हिरावला गेला होता. या कंपनीचे संस्थापक जेकब ख्रिश्चन जेकबसन यांचे चरित्र अशा वेळी आवर्जून आठवते.

जेकबसन यांचा जन्म २ सप्टेंबर १८११ रोजी कोपनहेगनमध्ये झाला. जटलंडमधील शेतकरी कुटुंबातून राजधानीत आलेल्या वडिलांनी बिअरचा छोटा व्यवसाय थाटला होता. १८३५ मध्ये वडील निवर्तले आणि धंद्याची धुरा तरुण जेकबसन यांच्या खांद्यावर आली. विख्यात भौतिकशास्त्रज्ञ ओर्स्टेड यांच्या व्याख्यानांनी त्यांच्या मनात विज्ञानाची ओढ निर्माण केली होती. बिअर अंदाजाने नव्हे, तर शास्त्राने तयार झाली पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता.

या ध्यासापोटी त्यांनी म्युनिक गाठले. तेथील नामांकित कारखान्यातून मिळवलेले यीस्ट १८४५ मध्ये त्यांनी घोडागाडीच्या प्रवासात वाटेतील प्रत्येक थांब्यावर थंड पाणी घालून जिवंत ठेवले, असे सांगितले जाते. १८४७ मध्ये कोपनहेगनबाहेर वाल्बी येथील टेकडीवर नवा कारखाना सुरू झाला. मुलगा कार्ल आणि टेकडी या अर्थाचा डॅनिश शब्द 'बर्ग' यांतून 'कार्ल्सबर्ग' हे नाव जन्माला आले.

१८७५ मध्ये त्यांनी कारखान्यातच प्रयोगशाळा स्थापन केली. १८८३ मध्ये तेथे एमिल हॅन्सन यांनी यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवण्याची पद्धत शोधली. त्यामुळे बिअर नासण्याच्या जुन्या संकटावर उपाय सापडला. हे ज्ञान स्वतःपुरते न राखता जेकबसन यांनी ते इतर उत्पादकांनाही खुले केले. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लता मोजताना वापरला जाणारा 'पीएच' मापक्रमही १९०९ मध्ये याच ठिकाणी सोरेन्सन यांनी मांडला.

घरात मात्र वादळ उठले होते. कार्ल यांना बिअर कमी काळ मुरवून उत्पादन वाढवायचे होते. दर्जापुढे नफा गौण मानणाऱ्या पित्याला ते मान्य नव्हते. १८८२ मध्ये कार्ल यांनी 'न्यू कार्ल्सबर्ग' हा स्वतंत्र कारखाना उभारला. पित्याने आपला कारखाना मुलाऐवजी, १८७६ मध्ये स्वतःच स्थापन केलेल्या 'कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान' या विज्ञानाला वाहिलेल्या संस्थेच्या नावे केला. अखेरीस पिता-पुत्रांत समेट झाला. ३० एप्रिल १८८७ रोजी रोममध्ये जेकबसन यांनी जगाचा निरोप घेतला. पुढे १९०२ मध्ये कार्ल यांनीही आपला कारखाना प्रतिष्ठानलाच अर्पण केला.

वैयक्तिक वारसांच्या हाती संपत्ती न देता ती समाजाच्या ज्ञानवृद्धीसाठी वाहणारा असा उद्योगपती विरळाच. परंतु या व्यवस्थेत विज्ञानाला जे संरक्षण लाभले, ते कामगारांच्या वाट्याला आले नाही. प्रतिष्ठानने कंपनीत अर्ध्याहून अधिक भागभांडवल राखावे, ही अट २००७ मध्ये शिथिल झाली. निर्णायक मतदानाचा हक्क मात्र प्रतिष्ठानकडेच राहिला. त्यामुळे परदेशांतील मोठ्या खरेदीव्यवहारांचा मार्ग मोकळा झाला. २००८ मध्ये वाल्बीच्या टेकडीवरील मोठे उत्पादन थांबून ते फ्रेडरिशिया येथे गेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुमारे दोन हजार कार्यालयीन पदे कमी करण्याची घोषणा झाली.

कारखान्याचा मालक व्यक्ती असो की विश्वस्त संस्था, बाजाराचा रेटा कामगाराच्या दारात तितक्याच जोराने येऊन धडकतो. तात्कालिक नफ्याहून कारखान्याचा लौकिक मोठा, ही जेकबसन यांची शिकवण पुत्र कार्ल यांनी दगडात कोरून घेतली. तो लौकिक ज्यांच्या हातांनी घडतो, त्यांच्या रोजगाराची हमी मात्र ना त्या दगडावर कोरली गेली, ना मृत्युपत्रात लिहिली गेली.