विश्लेषण : वडिलोपार्जित गावासाठी सुलतानाने दोनदा युद्ध का केले? बुऱ्हाण निजामशहा आणि पाथरीचे वतन

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे नाव जानेवारी 2020 मध्ये राज्यभर गाजले. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी 100 कोटी रुपयांची घोषणा केली आणि तिकडे शिर्डीत बंद पाळला गेला. मूळ गाव कोणते, यावरून एवढे रण माजावे याचे अनेकांना नवल वाटले. पाथरीला ते नवे नव्हते. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशहा याने पूर्वजांचे गाव म्हणून याच पाथरीवर हक्क सांगितला. बदल्यात जास्त वसुलीचा परगणा देऊ केला. नकार मिळाल्यावर फौज आणली. हा सुलतान कोण होता आणि एका कुलकर्णी वतनात त्याचा जीव एवढा का अडकला होता?

सुलतानाचे मूळ गाव पाथरी कसे?

मराठवाड्यात निजाम म्हटले की हैदराबादचा निजाम आठवतो. ही निजामशाही त्याच्या दोन शतके आधीची, अहमदनगरची. तिची कथा एका कैद झालेल्या मुलापासून सुरू होते. इतिहासकार फरिश्ता याने दिलेल्या माहितीनुसार पाथरीचे कुलकर्णीपण असलेले एक ब्राह्मण घराणे काही कारणाने गाव सोडून विजयनगरच्या मुलखात गेले. त्याच घराण्यातला, भैरव नावाच्या गृहस्थाचा तिमापा हा मुलगा अहमदशहा बहमनीच्या स्वारीत पकडला गेला. त्याचे धर्मांतर झाले, नाव हसन पडले आणि शाही गुलामांमध्ये तो वाढला. हुशारी पाहून त्याला राजपुत्राच्या सोबतीला ठेवण्यात आले. फारसी-अरबी शिकलेला हा मुलगा पुढे निजाम-उल-मुल्क झाला, तेलंगणचा सुभेदार झाला. 1481 मध्ये वजीर महमूद गावानचा बळी घेणाऱ्या कटात त्याचे नाव ठळकपणे घेतले जाते. त्या वजिराची जागाही त्यालाच मिळाली. 1486 मध्ये बीदरमध्ये त्याचा खून झाला.

वडिलांच्या भैरव या नावावरून त्याला भैरू म्हणत. राजपुत्राला तो उच्चार नीट जमेना, म्हणून भैरूचे बहिरी झाले, असे फरिश्ता सांगतो. बहिरी म्हणजे ससाणा. निजामशाही घराण्याला चिकटलेले हे बिरुद असे एका ग्रामदैवताच्या नावातून आले.

हसनचा मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरला होता. शिवनेरी त्याने आधीच घेतला होता आणि त्या किल्ल्यात पाच वर्षांची साचलेली वसुली त्याच्या हाती लागली होती. स्वतंत्र राज्य उभारायला लागणारे भांडवल त्याला मिळाले ते असे. 1490 मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून तो स्वतंत्र झाला आणि पुढे त्याने स्वतःच्या नावाचे शहर वसवले, म्हणजे आजचे अहिल्यानगर. 1510 च्या आसपास तो वारला, तेव्हा मुलगा बुऱ्हाण अवघा सात वर्षांचा होता. कारभार मुकम्मल खान या दखनी वजिराच्या हाती राहिला.

राज्य मिळाल्याची बातमी विजयनगरकडे राहिलेल्या भाऊबंदांपर्यंत पोहोचली. ते अहमदनगरला आले. आले ते ब्राह्मण म्हणूनच, धर्म न बदलता. त्यांनी मागितले ते दरबारातले पद नव्हे. त्यांना पाथरीचे जुने वतन परत हवे होते.

कुलकर्णी वतनात एवढे काय होते?

आजच्या भाषेत सांगायचे तर नोकरी, शेत, घर आणि पेन्शन यांचे एकत्रित गाठोडे. कुलकर्ण्याने गावचे दप्तर सांभाळायचे : कुणाची किती जमीन, किती सारा, किती बाकी. त्या बदल्यात त्याला इनाम जमीन मिळे. शेतकऱ्यांच्या पिकात ठरलेला वाटा असे. सणावाराला, लग्नकार्याला किरकोळ हक्क आणि मान मिळे. गावठाणात घराची जागा असे. हे सारे वंशपरंपरेने चाले. भावाभावांत वाटता येई, अडचणीच्या वेळी गहाण टाकता येई, विकताही येई. कर्ज काढायचे तर सावकार आधी वतन पाहत असे.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. गाव सोडले म्हणून वतन बुडत नसे. मालक परगावी असला तर गुमास्ता काम पाही. दुष्काळाने किंवा लढाईने परागंदा झालेले घराणे दोन पिढ्यांनी परत आले, तरी गावचा गोत जमवून, जुन्या लोकांच्या साक्षी काढून हक्क पुन्हा मागता येत असे. महाराष्ट्रातील जुन्या दप्तरांत असे शेकडो तंटे आहेत. सुलतान येत-जात, मुलूख या राजाचा त्या राजाला जाई, पण वतनदार बहुधा तोच राही. सरदारकी एका रात्रीत जाऊ शकते, हे बुऱ्हाणच्या घराण्याने आजोबांच्या खुनात पाहिले होते. कुलकर्णीपण तसे जात नसे. भाऊबंदांनी मनसबीऐवजी वतन मागितले, यात भाबडेपणा नव्हता. हिशेब पक्का होता.

सौदा का फिसकटला?

अडचण एकच होती. पाथरी निजामशाहीत नव्हती. ती वऱ्हाडच्या इमादशाहीत होती आणि तिथे अलाउद्दीन इमादशहा राज्य करत होता. मुकम्मल खानाने बुऱ्हाणच्या वतीने त्याला पत्र लिहिले : पाथरी आमच्या पूर्वजांची जागा, ती द्या आणि तिच्याहून जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. निव्वळ पैशांचा विचार केला तर हा सौदा निजामशाहीच्या तोट्याचा होता. बाजारभावापेक्षा जास्त मोजून आजोबांचा वाडा परत घेणारे लोक आजही दिसतात. हे त्यातलेच.

इमादशहाने नकार दिला आणि वर पाथरीला किल्ला बांधायला घेतला. सरहद्दीला एवढे खेटून किल्ला उभा राहिला तर रोज कटकटी होतील, असे मुकम्मल खानाने कळवले. बांधकाम थांबले नाही.

इमादशहाचा संशय अगदीच निराधार होता असेही नाही. पाथरी गोदावरीच्या खोऱ्यात, काळ्या जमिनीत. नगरपासून सरळ रेषेत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर पूर्वेला. ज्याच्या हाती ती, त्याला वऱ्हाडात शिरायचा दरवाजा उघडा. वतनाची ओढ खरी होती आणि सरहद्दीचे राजकारणही खरे होते. दुसऱ्यासाठी पहिली सबब सोयीची ठरली असणार. गंमत अशी, की इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही फरिश्त्याच्या सांगण्यानुसार विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला ब्राह्मण मुलगाच होता. त्याचा मुलगा आणि तिमापाचा नातू आता एका कुलकर्णी वतनावरून समोरासमोर उभे होते.

1518 मध्ये पोरसवदा बुऱ्हाण थंड हवेसाठी दौलताबाद-वेरूळकडे निघाल्याचे दाखवले गेले. तिथून फौज अचानक पाथरीकडे वळली. शिड्या लावून किल्ला घेतला गेला आणि परगणा मियाँ मुहम्मद घोरी या सरदाराकडे सोपवण्यात आला.

प्रकरण तिथेच मिटले का?

नाही. 1527 च्या सुमारास इमादशहाने गोवळकोंड्याच्या सुलतान कुली कुतुबशहाची मदत घेऊन पाथरी परत मिळवली. बुऱ्हाणने बीदरच्या अमीर बरीदला सोबत घेतले आणि पुन्हा वेढा घातला. या वेळी दोन महिने तोफा चालल्या. किल्ला पडल्यावर बुऱ्हाणने तो राखला नाही, जमीनदोस्त केला. मग परगणा आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम देऊन टाकला. वतन मागायला आलेल्यांना थेट परगणाच मिळाला.

याची किंमत मोठी होती. पाथरीनंतर निजामशाही फौज माहूरकडे सरकली. इमादशहाने खानदेशच्या सुलतानामार्फत गुजरातच्या बहादूरशहाला हाक मारली. बहादूरशहा दख्खनमध्ये उतरला आणि बुऱ्हाणला त्याच्या नावाचा खुत्बा पढावा लागला. भाऊबंदांचे घर सोडवताना स्वतःचे सिंहासन जवळजवळ गहाण पडले. शाह ताहिर या विद्वान मुत्सद्द्याने बोलणी करून बुऱ्हाणपूरला दोघांची भेट घडवली, तेव्हा कुठे सावरले.

बुऱ्हाणच्या आयुष्यात मालमत्तेचे दुसरे भांडण कोणते?

हुंड्याचे. 1524 मध्ये त्याचे लग्न विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिच्याशी झाले. सोलापूर आणि त्याभोवतीचे साडेपाच परगणे वधूसोबत मिळतील, अशी नगरची समजूत होती. लग्न झाले, सोलापूर आले नाही. विजापूरचे म्हणणे, असा शब्द राजाने दिलेलाच नव्हता. लेखी काही नसलेल्या व्यवहाराचे जे होते तेच इथेही झाले. बुऱ्हाणने चढाई केली आणि तो हरला. त्यानंतर तीसेक वर्षे नगर आणि विजापूर सोलापूरसाठी भांडत राहिले. अखेर विजयनगरच्या रामरायाशी हातमिळवणी करून 1550 नंतर बुऱ्हाणने ते मिळवले. पुढे त्याचा मुलगा हुसेन याने आपली मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा हुंड्यात सोलापूर देऊन टाकले. ती मुलगी म्हणजे चांदबिबी.

मधल्या काळात बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला, 1537 च्या सुमारास. मुलगा आजारातून बरा झाल्याचे निमित्त आणि शाह ताहिरचा प्रभाव. शहरात दंगा झाला, काही सरदार उलटले. त्याच दरबारात कावरसेन नावाचा ब्राह्मण पेशवेपदी होता. पाथरीचे नातेवाईक इनाम उपभोगत होते. दख्खनच्या सुलतानी राजकारणात धर्म आणि आप्तपणा यांच्या रेषा आज वाटतात तशा सरळ नव्हत्या. 1553 च्या अखेरीस बुऱ्हाण वारला. चाळीसहून अधिक वर्षांची ही कारकीर्द निजामशाहीतली सर्वांत लांब कारकीर्दींपैकी एक.

पूर्वज कोण, यावर इतिहासकारांचे एकमत आहे?

नाही, आणि मतभेद बोलके आहेत. नगरच्या दरबारात लिहिणाऱ्या सय्यद अली तबातबा याने घराण्याचा इतिहास वेगळा दिला. त्याच्या मते अहमद हा प्रत्यक्षात बहमनी सुलतानाचाच मुलगा, मलिक हसनकडे केवळ वाढलेला. कुलकर्ण्याच्या नातवापेक्षा राजपुत्राचा वंश दरबाराला अधिक शोभणारा होता. फरिश्ता नगरमध्येच वाढला, पण त्याने इतिहास लिहिला तो विजापूरच्या आश्रयाला गेल्यावर. त्यालाही नगरची थोरवी वाढवायची काही गरज नव्हती. तरी एक गोष्ट तबातबाच्या विरुद्ध जाते. रक्त बहमनी असते, तर पाथरीच्या ब्राह्मणांना अख्खा परगणा द्यायचे कारण काय?

पुढे पाथरीचे काय झाले?

फरिश्त्याच्या नोंदीनुसार ते इनाम मोगल येईपर्यंत पिढ्यानपिढ्या चालले. 1574 मध्ये बुऱ्हाणचा नातू मुर्तजा याने वऱ्हाडच निजामशाहीत घेतले, त्यामुळे पाथरीची सरहद्द उरली नाही. 1596 मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला. चांदबिबीने शहर वाचवले, पण तहात वऱ्हाड द्यावे लागले. लगेच जुनाच प्रश्न उभा राहिला. पाथरी वऱ्हाडात धरायची की नाही? मोगल अधिकाऱ्यांनी ती ताब्यात घेतली. नगरचे म्हणणे, पाथरी तहात दिलेलीच नव्हती.

बोलणी संपली आणि 1597 च्या जानेवारीत गोदावरीकाठी, आजच्या परभणी जिल्ह्यातील सोनपेठजवळ मोठी लढाई झाली. विजापूरचा सुहेल खान नगर, विजापूर आणि गोवळकोंड्याच्या फौजा घेऊन आला होता. समोर मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे दोह्यांचा कवी रहीम. दोन दिवस झुंज चालली, खानदेशचा राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला आणि रहीम जिंकला.

मराठवाड्यातील इनामे कायद्याने संपली ती फार नंतर, 1954 च्या हैदराबाद इनामे व रोख अनुदाने नाहीशी करण्याच्या कायद्यान्वये. अशा जमिनींच्या सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग दोनचा शेरा आणि विक्रीआधीची परवानगी हे शब्द परभणी जिल्ह्यात आजही ऐकू येतात. बुऱ्हाणने ज्या वऱ्हाडातून पाथरी सोडवण्यासाठी दोनदा फौज आणली, त्याच वऱ्हाडच्या सुभ्यात अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत पाथरीची सरकार नोंदवली आहे.