एका चरीतले दोन आवाज

घरी गोड आवाजाचा स्टीरिओ मांडावयाचा म्हटला की आपण प्रथम पैशांचा हिशेब करू लागतो. परंतु ही वस्तू सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आली कशी, याचा शोध घेतला तर आपण एका इंग्रज अभियंत्यापाशी येऊन पोहोचतो. ॲलन डॉवर ब्लुमलाइन हे त्यांचे नाव.

२९ जून १९०३ रोजी लंडन येथे त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी घरातील घंटा दुरुस्त करून या चिरंजीवांनी वडिलांच्या हाती रीतसर बिल ठेवले व खाली विद्युत-अभियंता म्हणून सही केली, अशी आठवण सांगतात! १९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत दाखल झाले. १९३१ मध्ये ती कंपनी ई.एम.आय. या नव्या संस्थेत विलीन झाली.

त्याच सुमारास चित्रपट पाहताना त्यांना एक गोष्ट खटकली. नट पडद्याच्या एका टोकास, आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडून! आपले दोन कान आवाजातील सूक्ष्म फरकांवरून दिशा ओळखतात; मग एकाच कर्ण्याने त्यांचे समाधान कसे व्हावे? १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज केला. दोन आवाजांसाठी दोन चरी व दोन सुया योजिल्या असत्या, तर खर्च वाढला असता आणि दोन्ही सुयांचा मेळ राखणे कठीण झाले असते. ब्लुमलाइन यांनी एकाच चरीच्या दोन तिरप्या भिंतींवर, प्रत्येकी ४५ अंशांच्या कलाने, डावा व उजवा आवाज कोरण्याची रीत सुचविली. एकच सुई दोन्ही आवाज वाचते. आमच्या मते त्यांच्या बुद्धीचे खरे तेज या काटकसरीत आहे.

१९३४ मध्ये ॲबी रोडवरील स्टुडिओत टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे प्रायोगिक मुद्रण झाले. पण बाजारात काही आले नाही. ब्लुमलाइन दूरचित्रवाणीच्या व पुढे युद्धकाळात रडारच्या कामात गढून गेले. ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी चालू असता त्यांचे हॅलिफॅक्स विमान कोसळले, आणि त्यातील अकराही जण मृत्यू पावले. वय अवघे अडतीस. काम गुप्त असल्याने या मृत्यूचा गाजावाजा झाला नाही. १९५७-५८ मध्ये स्टीरिओ तबकड्या दुकानांत आल्या, त्या याच ४५ अंशांच्या रीतीने कोरलेल्या होत्या. ते पाहावयास ब्लुमलाइन नव्हते.

आता आपल्या घराकडे वळू. पैसे थोडे असतील तर शोभेच्या दिव्यांवर व बटणांवर ते दवडू नयेत. एकसारख्या दोन चांगल्या स्पीकर-पेट्या घ्याव्यात, वापरलेल्या मिळाल्या तरी हरकत नाही. त्या भिंतीच्या कोपऱ्यात कोंबू नयेत. दोन पेट्या व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा, पेट्यांची तोंडे कानांच्या उंचीस असावीत. याला एक पैही पडत नाही. मग डोळे मिटून ऐकावे : जेथे कोणतीच पेटी नाही, त्या मधल्या जागी गायक उभा असतो.