कानाने शिकलेला पियानो

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या वादक संघटनेने १९५६ साली एरॉल गार्नर या पियानोवादकाला मानद सदस्यत्व बहाल केले. तोवर न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या रसिकांनी त्याला डोक्यावर घेतले होते. याच संघटनेने पूर्वी त्याला दारातूनच परत पाठवले होते. कारण एकच, त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती.

आपल्याला हे कारण ऐकून हसू येईल. गुरुमुखातून विद्या घेणाऱ्या आपल्या गवयाला कागद वाचून दाखव, असे कोणी म्हणत नाही. परंतु पाश्चात्त्य वादकाचे पोटच त्या कागदावर चालते. समोर ठेवलेली नवी रचना पाहताक्षणी वाजवता आली, तरच त्याला वाद्यवृंदात जागा मिळते. त्या जगात गार्नर हा निरक्षर होता. आणि अखेरपर्यंत तो तसाच राहिला.

त्याचा जन्म १९२१ चा, पिट्सबर्गमधील एका कृष्णवर्णीय कुटुंबातला. सहा भावंडांतले हे शेंडेफळ, तेही जुळे. घरात पियानो होता, ग्रामोफोन होता, आई चर्चमध्ये गात असे. थोरल्या भावंडांना शिकवायला बाई येत. धडा संपला की तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा एरॉल पियानोपाशी जाई आणि ऐकलेले सारे वाजवून मोकळा होई. पुढे त्यालाही शिकवण्याचा प्रयत्न झाला. पण हा मुलगा पुस्तकाकडे न पाहता केवळ कानाने वाजवतो आहे हे ध्यानात आल्यावर तो नाद सोडून द्यावा लागला. सातव्या वर्षी तो स्थानिक नभोवाणीवर वाजवू लागला, अकराव्या वर्षी नदीवरील बोटींत. थोरला भाऊ लिंटन हाही पियानोवादक झाला. त्याला मात्र स्वरलिपी उत्तम येत असे. एकाच घरातले हे दोन रस्ते.

१९४४ साली गार्नर न्यूयॉर्कला आला. जॅझचा तो ऐन बहराचा काळ. आर्ट टेटमसारख्या दिग्गजाच्या जागी बसण्याची संधी त्याला मिळाली, १९४७ मध्ये चार्ली पार्करबरोबर ध्वनिमुद्रण झाले. त्या पिढीतील बरेच वादक नव्या, अवघड वाटेने निघाले होते. गार्नर कोणत्याच पंथात गेला नाही. उंचीने तो इतका ठेंगणा, की बाकावर टेलिफोन डिरेक्टऱ्या रचून त्यावर बसे. वाजवताना स्वतःशीच गुणगुणे, हुंकार भरे. ध्वनिमुद्रिकांतूनही ते ऐकू येते. वाजवण्यात त्याला येणारी मौज लपत नसे.

त्याच्या उपजेचे मर्म मात्र नीट समजून घेण्याजोगे आहे. त्याचा डावा हात गिटारसारखा चालतो. दर मात्रेला एक स्वरसंघ, घड्याळासारखा पक्का. उजवा हात त्या मात्रेच्या किंचित मागे रेंगाळतो. आता हा मागे पडला, असे वाटते न वाटते तोच तो अचूक जागा गाठतो. समेला हुलकावणी देऊन पुन्हा सम गाठणाऱ्या गवयाची आठवण व्हावी, अशीच ही गंमत. आणखी एक खोड म्हणजे त्याच्या प्रस्तावना. गाणे सुरू करण्यापूर्वी तो असे काही भलतेच वाजवी की कोणती चाल येणार याचा थांगपत्ता साथीदारांनाही लागत नसे. मग एकदम ओळखीची धून उमटे आणि सभागृहात हशा व टाळ्या. चाल लोकांच्या ओळखीची, डावा हात स्थिर आणि उजव्याला पूर्ण मोकळीक. एवढ्या सामग्रीवर त्याने आयुष्यभर संसार केला. हौसेने पियानोवर बसणाऱ्याला याहून चांगला धडा कोणता असेल, मला ठाऊक नाही.

‘मिस्टी’ ही त्याची सर्वांत गाजलेली रचना १९५४ ची. सॅन फ्रान्सिस्कोहून शिकागोला जाताना विमानातच ती सुचली, असे सांगतात. लिहून घेता येत नसल्याने उतरेपर्यंत ती डोक्यातच जपावी लागली. डोळे मिटून गुणगुणणाऱ्या, गुडघ्यांवर बोटे नाचवणाऱ्या या गृहस्थाची तब्येत बिघडली असावी, असे शेजारच्या प्रवाशाला वाटले म्हणे.

१९ सप्टेंबर १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील कॅरमेल येथे, एका शाळेच्या सभागृहात त्याची मैफल झाली. पियानो धड सुरात नव्हता, ध्वनिमुद्रणाची व्यवस्था बेतास बात. पण पडद्यामागे टेप फिरत असल्याचे त्याची व्यवस्थापक मार्था ग्लेझर हिने हेरले आणि ती फीत ताब्यात घेतली. ‘कॉन्सर्ट बाय द सी’ नावाने निघालेली ती मुद्रिका जॅझच्या इतिहासात सर्वाधिक खपलेल्यांपैकी एक ठरली.

या यशाचे व्याजही त्याला चुकवावे लागले. १९६० साली आपल्या संमतीविना जुनी मुद्रणे बाजारात आणली म्हणून त्याने कोलंबिया या बलाढ्य कंपनीवर दावा लावला. काय प्रसिद्ध व्हावे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या करारात होता. कृष्णवर्णीय कलावंताने अशी कंपनी न्यायालयात खेचणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. गार्नरच्या दृष्टीने तर प्रश्न जिव्हाळ्याचा होता. ज्याची रचना कागदावर नसते, वाजवल्या क्षणीच जन्मते, त्याच्यापाशी ध्वनिफितीखेरीज उरते काय? अखेर कंपनीला नमते घ्यावे लागले.

फुप्फुसांच्या विकाराने १९७५ मध्ये त्याचे वादन थांबले. २ जानेवारी १९७७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो निवर्तला, वय अवघे ५५. ग्लेझरने त्याच्या फिती, कागदपत्रे अनेक वर्षे सांभाळली. तिच्या पश्चात, २०१५ साली तो सारा संग्रह पिट्सबर्ग विद्यापीठाकडे गेला. त्याच वर्षी कॅरमेलची मैफल प्रथमच संपूर्ण प्रसिद्ध झाली. मूळ मुद्रिकेत अकरा गाणी होती. आणखी अकरा साठ वर्षे फितीवर तशीच पडून होती.