डॉ. सॉल हर्ट्झ

ज्या औषधानें रोगाचें स्थान दिसावें त्यानेंच रोग बरा व्हावा, हें कर्करोगावरील औषधें घडविणाऱ्यांचें ध्येय होय. या मार्गाच्या एका आद्य प्रवाशाचा परिचय आम्ही वाचकांस करून देत आहों.

हर्ट्झ यांचा जन्म १९०५ सालीं अमेरिकेंत झाला. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांत ते गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या विकारांवर उपचार करीत. ही ग्रंथि रक्तांतील आयोडीन शोषून घेते. १९३६ सालीं पदार्थविज्ञानवेत्ते कार्ल कॉम्प्टन यांच्या व्याख्यानानंतर त्यांनीं, आयोडीन किरणोत्सर्गी करितां येईल काय, अशी पृच्छा केली. त्या प्रश्नांतूनच पुढील सर्व कार्य उभें राहिलें. आधीं सशांवर प्रयोग झाले. १९४१ सालीं पहिल्या रुग्णास औषध दिलें गेलें. त्याचे गॅमा किरण बाहेरील यंत्रास कळत, म्हणून औषध ग्रंथींत किती पोंचलें तें समजे. बीटा किरण तेथील पेशींचा नाश करीत.

१९४३ सालीं हर्ट्झ युद्धानिमित्त नौदलांत गेले. काम दुसऱ्यांच्या हातीं गेलें व श्रेयहि वांटलें गेलें. १९५० सालीं ते निवर्तले. थायरॉइडच्या कर्करोगाच्या शोधांत व उपचारांत मात्र आजहि किरणोत्सर्गी आयोडीन वापरलें जातें. आपल्या विषयाच्या कुंपणापलीकडे विचारलेला एक प्रश्न किती फळ देतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानीं धरावें.