लोकमान्यांचे ख्रिस्ती सोबती : काका बॅप्टिस्टा

आपल्यापैकी कितीतरी जण रोज कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून लोकलने मुंबईला जातात. सँडहर्स्ट रोडला उतरून हार्बरची गाडी पकडली की पुढचे स्टेशन डॉकयार्ड रोड. तेथे भंडारवाडा टेकडीवर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. बागेत फिरायला येणाऱ्या पुष्कळांना हे गृहस्थ कोण, हे ठाऊक नसते. आपल्याला मात्र ठाऊक असायला हवे, कारण ते आपलेच होते. त्यांचे वडील ठाणे जिल्ह्यातल्या उत्तनचे.

जोसेफ यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावच्या माथारपाखाडीत झाला. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत शिक्षण, मग पुण्याला इंजिनिअरिंग आणि पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिज. १८९९ साली ते बॅरिस्टर झाले. विलायतेच्या वास्तव्यात त्यांना आयर्लंडच्या होमरूल चळवळीने भारून टाकले. आयरिश लोक बहुतांशी कॅथलिक. धर्म ख्रिस्ती, राज्यकर्तेही ख्रिस्ती, तरीही ते स्वतःच्या देशाचा कारभार स्वतःच्या हाती मागत होते. राज्यकर्त्यांचा धर्म आपलाच, म्हणून राज्यही आपलेच, हा समज तरुण जोसेफच्या मनातून तेव्हाच गेला असावा.

हे किती अवघड होते ते समजण्यासाठी त्या काळचा आपला समाज आठवावा. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मुंबई-साष्टीच्या कॅथलिकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले. त्यात कंपनी सरकारच्या जुन्या चाकरीची आठवण होती आणि नोकऱ्यांची काळजीही होती. पोटापाण्याचा प्रश्न होता, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. शिवाय स्वराज्य आले तर मूठभर ख्रिस्ती लोकांचे काय होणार, ही धास्ती होतीच. अशा समाजातला एक बॅरिस्टर लोकमान्य टिळकांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

१९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला. त्यांना कायद्याचा सल्ला देणाऱ्यांत बॅप्टिस्टा होते. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले, पण मैत्री तुटली नाही. सार्वजनिक गणेशोत्सवालाही बॅप्टिस्टांनी पाठिंबा दिला. त्यासाठी त्यांना स्वतःची श्रद्धा सोडावी लागली नाही. महाराष्ट्र त्यांना काका म्हणू लागला.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. स्वराज्य हा शब्द उच्चारला की सरकारला राजद्रोहाचा वास येई. होमरूल या शब्दाचे तसे नव्हते. तो इंग्रजांच्याच पार्लमेंटात वर्षानुवर्षे चर्चिला गेलेला होता. ही चळवळ म्हणजे पुण्याच्या ब्राह्मणांचे खूळ, असे म्हणणाऱ्यांना अध्यक्षाचे नुसते नावच उत्तर होते. संख्येने थोडे असलेल्या समाजातला एक माणूस मोठ्या चळवळीला काय देऊ शकतो, ते इथे दिसते. १९१७ साली लीगतर्फे ते विलायतेला गेले आणि मजूर पक्षाच्या लोकांना भेटून त्यांनी हिंदुस्थानची बाजू मांडली. टिळक तिकडे गेले ते नंतर, १९१८ मध्ये.

स्वराज्याविषयीचे लोकमान्यांचे गाजलेले वाक्य मूळचे काकांचे, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. मला तर तो वाद गरजेचाच वाटत नाही, कारण काकांनी केलेले काम त्या वाक्यावाचूनही भरपूर आहे.

त्यातले कामगारांचे काम सर्वांत कमी सांगितले जाते. ऑक्टोबर १९२० मध्ये मुंबईत आयटक ही देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभी राहिली. लाला लजपत राय अध्यक्ष आणि काका उपाध्यक्ष. पुढच्या वर्षी अधिवेशन भरले ते थेट झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात, आणि अध्यक्षपदी होते माझगावचे बॅरिस्टर. खाणमालकांना हे अधिवेशन नको होते. खाणकामगार मात्र हजारोंनी आले.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. गांधीजींचा असहकार काकांना मानवला नाही, आणि पुढच्या काळात राष्ट्रीय राजकारणाच्या मुख्य प्रवाहात ते राहिले नाहीत. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना जागा कमी मिळाली, त्याचे हे एक कारण असावे. पण शहराने त्यांना दूर केले नाही. १९२५ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर झाले. ज्या सभागृहात ख्रिस्ती सदस्य अगदी थोडे, तेथे हे पद निव्वळ समाजाच्या मतांवर मिळणे शक्यच नव्हते.

१९३० मध्ये काकांचे निधन झाले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे. माथारपाखाडीतली काही जुनी लाकडी घरेही अजून उभी आहेत. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन डॉकयार्ड रोडला उतरलात, तर घरे आणि टेकडीवरची बाग दोन्ही पायी पाहून होतात.