देहाची युद्धसिद्धता आणि समाजाचे दायित्व

परीक्षेच्या दालनात घशाला पडणारी कोरड, वरिष्ठांचे बोलावणे येताच वाढणारी छातीची धडधड, अशुभ वार्ता कानी पडताच हातापायांना सुटणारा कंप ही मनाच्या दुर्बलतेची लक्षणे मानण्याची आपल्याकडे रूढी आहे. ही लक्षणे दुर्बलतेची नसून देहाने क्षणार्धात केलेल्या युद्धसिद्धतेची आहेत, हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. वैद्यकाच्या जगात त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु अर्थकारणाचा आणि राज्यकारभाराचा विचार करणाऱ्यांनीही अभ्यासावे, असे त्यांचे चरित्र आहे.

कॅनन यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८७१ रोजी विस्कॉन्सिन राज्यात झाला. वडील रेल्वेच्या नोकरीत होते. दहाव्या वर्षी मातृछत्र हरपले. मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, असे पाहून वडिलांनी चौदाव्या वर्षी त्याला शाळेतून काढले आणि रेल्वेच्या कचेरीत कामाला लावले. तेथील दोन वर्षांत शिक्षणाचे मोल त्याला उमगले. शाळेत परतून त्याने अभ्यास पुरा केला, १८९२ मध्ये हार्वर्ड गाठले आणि १९०० मध्ये वैद्यकाची पदवी संपादन केली. पुढे १९०६ पासून १९४२ पर्यंत त्याच विद्यापीठात कॅनन शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते.

रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला तो १८९५ मध्ये. त्यानंतर जेमतेम वर्षभरात, वैद्यकाच्या पहिल्याच वर्षात शिकत असलेल्या कॅनन यांनी अन्ननलिका व जठर यांच्या हालचाली या किरणांच्या साहाय्याने पाहण्यास प्रारंभ केला. बिस्मथमिश्रित अन्न मांजरांना देऊन ते जठराची आकुंचने टिपून घेत. हे करीत असता एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. मांजर भ्याले किंवा संतापले की जठराची हालचाल तत्काळ थांबे आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होई. दुसऱ्या एखाद्याने हा प्रयोगातील व्यत्यय म्हणून सोडून दिला असता. कॅनन यांनी त्या व्यत्ययालाच संशोधनाचा विषय केले.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून स्रवणारे ॲड्रेनलिन हे द्रव्य तेव्हा नुकतेच ज्ञात झाले होते. १९११ मध्ये कॅनन व त्यांच्या सहकाऱ्याने शांत मांजराचे आणि भुंकणाऱ्या कुत्र्यामुळे बिथरलेल्या मांजराचे रक्त तपासले. आतड्याच्या स्नायूची आकुंचन पावणारी पट्टी बिथरलेल्या मांजराच्या रक्तात ठेवली असता शिथिल पडे. शांत मांजराच्या रक्तात तसे होत नसे. म्हणजेच भयाने रक्तात अधिवृक्काचा स्राव उतरला होता. त्यानंतर सुटे सुटे दिसणारे सारे धागे जुळू लागले. संकट दिसताच अनुकंपी चेतासंस्था जागी होते आणि ॲड्रेनलिन रक्तात मिसळते. हृदयाची गती वाढते, यकृतातील साखर रक्तात उतरते, पचनेंद्रियांकडील रक्त स्नायूंकडे वळते, श्वासनलिका रुंदावतात आणि रक्त लवकर गोठण्याची सोय होते. लढायचे असो वा पळायचे असो, पूर्वतयारी एकच असते.

ही व्यवस्था केवळ पशूंची नव्हे. हार्वर्डच्या फुटबॉल संघाचा १९१३ च्या हंगामातील अखेरचा सामना संपताच पंचवीस खेळाडूंचे मूत्र तपासण्यात आले. बाराजणांच्या मूत्रात साखर आढळली. त्यांपैकी पाचजण राखीव खेळाडू होते आणि मैदानात उतरलेच नव्हते! कठीण परीक्षेनंतर वैद्यकाच्या नऊ विद्यार्थ्यांपैकी चौघांच्या मूत्रात साखर सापडली, तर सोप्या परीक्षेनंतर एकाच्याच. १९१५ मध्ये वेदना, भूक, भय व क्रोध यांच्या शारीरिक परिणामांवरील ग्रंथात कॅनन यांनी हे सारे मांडले.

बाकावर बसून राहिलेल्या त्या पाच खेळाडूंत आधुनिक माणसाचे सारे दुखणे सामावले आहे. देह झुंजीसाठी सज्ज होतो, पण झुंज होतच नाही. कचेरीतील माणसाला अपमान गिळून खुर्चीवरच बसावे लागते. कॅनन यांचे चित्र अर्थातच अपुरे होते. भयाने प्राणी गोठूनही जातो. शिवाय ॲड्रेनलिनपाठोपाठ कॉर्टिसॉल नावाचा अधिवृक्काचा दुसरा स्राव सावकाश कामाला लागतो. १९३६ पासून हान्स सेलिए यांनी आणि नंतरच्या संशोधकांनी दाखविले की, ताण दीर्घकाळ टिकला तर संकटातून तारणारी हीच यंत्रणा रक्तदाब, निद्रानाश आणि रोगप्रतिकारशक्तीचा ऱ्हास यांना हातभार लावते.

शरीर आपले तापमान, रक्तातील साखर व क्षार निश्चित मर्यादेत राखते. या गुणाला कॅनन यांनी १९२६ मध्ये नाव दिले. मराठीत त्याला समस्थिती म्हणतात. १९३२ मधील ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी हाच विचार समाजाला लावून पाहिला. तो काळ महामंदीचा होता. वर्षभरातच अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश कामकरी बेकार झाले होते. सुबत्तेत यकृत साखर साठविते व टंचाईत ती पुरविते. तद्वत समाजाने बऱ्या दिवसांत संचय करावा, कारखाने बंद पडले तर कामगाराच्या निर्वाहाची तरतूद करावी, अशी त्यांची दिशा होती. काटकसरीपेक्षा स्थैर्य मोलाचे, हा धडा त्यांनी देहाकडून घेतला होता.

ही उपमा ताणण्यात धोका आहे, हे खरे. पेशीला स्वतःची इच्छा नसते, माणसाला असते. शरीराचे योग्य तापमान निसर्ग ठरवितो, पण समाजाची योग्य स्थिती कोणी ठरवायची? अन्यायी समाजही दीर्घकाळ स्थिर राहू शकतो. तथापि या आक्षेपांनी मूळ मुद्द्याला बाध येत नाही. उद्याच्या भाकरीची चिंता हा निव्वळ मनाचा विकार नसून रक्तात उतरणारी वस्तू आहे. म्हणून बेकारी, कंत्राटी नोकरीची अनिश्चितता आणि एकाच परीक्षेवर टांगलेले भवितव्य हे सार्वजनिक आरोग्याचेही प्रश्न ठरतात. अशा पीडितांना केवळ धीर धरण्याचा उपदेश करणे म्हणजे रोग्यालाच अपराधी ठरविणे होय.

कॅनन यांनी स्वतः समाजापासून अलिप्तता पत्करली नाही. १९१७ मध्ये, पाच मुलांचे वडील असताना, ते फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी सैनिकांच्या आघातावस्थेचा अभ्यास करण्यास गेले. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताक पक्षाला वैद्यकीय साहाय्य धाडणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि त्यापायी साम्यवादी असल्याचा आरोप सोसला. तारुण्यात निष्काळजीपणे हाताळलेल्या क्ष-किरणांनी त्यांच्या त्वचेला कायमची व्याधी जडविली. १ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. नोबेल पारितोषिक त्यांना लाभले नाही.

आणीबाणीसाठी निसर्गाने दिलेले हे शस्त्र क्वचित उपसावयाचे आहे. नागरिकांना ते रोज उपसावे लागत असेल, तर त्या समाजाने आपल्या घडीची तपासणी करणे अगत्याचे आहे.