विश्लेषण : ग्लॅडस्टन यांची ती दोन पत्रे… आयरिश ‘होमरूल’ कुठे अडले?

लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडच्या राजकारणातून घेतला होता. ब्रिटिश साम्राज्यात राहूनच, पण स्वतःच्या संसदेमार्फत कारभार, ही आयरिश नेत्यांची मागणी. तिच्यासाठी आपला पक्ष पणाला लावणारे ब्रिटिश पंतप्रधान म्हणजे विल्यम ग्लॅडस्टन. या लढाईतले दोन निर्णायक क्षण संसदेत नव्हे, तर त्यांच्या खासगी पत्रांत सापडतात.

कोण होते ग्लॅडस्टन?

जन्म १८०९ चा, लिव्हरपूलचा. वडील श्रीमंत व्यापारी. डेमेरारा येथे (आजच्या गयानात) गुलामांच्या श्रमावर चालणारे त्यांचे मळे होते. १८३३ मध्ये नव्या खासदाराने त्याच मळ्यांच्या बचावाचे भाषण केले. मतदानाचा हक्क वाढवणाऱ्या १८३२ च्या कायद्यालाही त्यांचा विरोध होता. पुढे हेच गृहस्थ उदारमतवादी पक्षाचे नेते आणि चार वेळा पंतप्रधान झाले. गुप्त मतदान (१८७२) आणि खेड्यांतील मजूर पुरुषांपर्यंत मताधिकार नेणारा कायदा (१८८४) हे त्यांच्याच सरकारांचे काम.

पत्रे किती?

ब्रिटिश लायब्ररीत त्यांच्या कागदपत्रांचे ७५० खंड आहेत. १८७० मध्ये अर्ध्या पेनीचे पोस्टकार्ड आले आणि काटकसरी ग्लॅडस्टन यांना ते फारच आवडले.

खासगी पत्राचा फायदा काय असतो, हे १८६४ मध्ये दिसले. अपात्र नसलेल्या प्रत्येकाला मतदानाचा नैतिक अधिकार आहे, असे अर्थमंत्री ग्लॅडस्टन लोकसभेसारख्या कनिष्ठ सभागृहात बोलून गेले. पंतप्रधान पामरस्टन यांनी भाषणाआधीच जपून बोलण्याची सूचना पत्राने दिली होती. नंतर नाराजीची पत्रे आली. ग्लॅडस्टन यांनी नम्र उत्तरे दिली आणि भाषण मात्र पुस्तिका म्हणून छापले! पण भांडण पत्रांतच राहिले, मंत्रिमंडळ टिकले.

राणी व्हिक्टोरिया यांना हा संकोच नव्हता. १८८५ मध्ये सुदानमधील खार्टूम पडले, जनरल गॉर्डन मारले गेले. राणींनी पंतप्रधानांना खरमरीत तार पाठवली, तीही नेहमीच्या सांकेतिक लिपीत नव्हे, तर साध्या भाषेत. म्हणजे तारघरातल्या कारकुनालाही कळावे! ग्लॅडस्टन यांना ती कार्नफर्थ रेल्वे स्थानकावर मिळाली.

१८८५ : विरोधकाला पत्र

त्याच वर्षाअखेरच्या निवडणुकीत उदारमतवाद्यांना ३३५, हुजूर पक्षाला २४९ आणि पार्नेल यांच्या आयरिश पक्षाला ८६ जागा मिळाल्या. म्हणजे हुजूर आणि आयरिश मिळूनही बरोबर ३३५. ग्लॅडस्टन यांचे मन होमरूलकडे वळले होते, पण एवढा मोठा बदल एका पक्षाच्या बळावर टिकणार नाही, हे ते जाणून होते. हुजूर सरकारने आयर्लंडचा प्रश्न हाती घ्यावा, आपण पाठिंबा देऊ, असे त्यांनी २० डिसेंबरला आर्थर बाल्फोर यांना लिहिले. बाल्फोर हे पंतप्रधान सॉल्सबरी यांचे भाचे.

पण तीनच दिवस आधी ग्लॅडस्टन यांचे चिरंजीव हर्बर्ट यांच्या बोलण्यातून वडिलांचा कल वृत्तपत्रांत फुटला होता. हावर्डन हे ग्लॅडस्टन यांचे गाव, म्हणून ही बातमी ‘हावर्डनचा पतंग’ ठरली. त्यानंतर आलेले पत्र हुजूर नेत्यांना सत्तेसाठीचा डाव वाटले. प्रस्ताव फेटाळला गेला. स्वपक्षाचे सहकारीही दुखावले. ज्येष्ठ मंत्र्यांना जे सांगितले नव्हते, ते त्यांना वर्तमानपत्रात वाचावे लागले. जून १८८६ मध्ये होमरूल विधेयक ३४३ विरुद्ध ३१३ मतांनी पडले. विरोधात जाणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे ९३ खासदार होते.

१८९० : उशिरा पोहोचलेले पत्र

पार्नेल आणि ग्लॅडस्टन यांच्यात अनेक वर्षे निरोप पोहोचवण्याचे काम कॅथरिन ओशे यांनी केले होते. त्यांचे पार्नेल यांच्याशी असलेले संबंध नोव्हेंबर १८९० मध्ये घटस्फोटाच्या खटल्यात उघड झाले. उदारमतवाद्यांचा मोठा मतदार कर्मठ प्रॉटेस्टंट पंथांचा; तो बिथरला. पार्नेल नेतेपदी राहिले तर आपल्या नेतृत्वाला अर्थ उरणार नाही, असे ग्लॅडस्टन यांनी २४ नोव्हेंबरला सहकारी जॉन मॉर्ली यांना लिहिले. ते पार्नेल यांना दाखवायचे होते.

पार्नेल काही सापडेनात. दुसऱ्या दिवशी आयरिश खासदारांनी त्यांनाच पुन्हा नेता निवडले. मग मॉर्ली यांची गाठ पडली, पत्र वाचून दाखवले गेले, पार्नेल यांनी मागे हटण्यास नकार दिला. त्याच संध्याकाळी ग्लॅडस्टन यांनी पत्र प्रसिद्धीस दिले. इथे त्यांची घाई झाली, असेच म्हणावे लागते. खासगीत जो सल्ला होता, तो छापून येताच इंग्रज नेत्याची आज्ञा ठरला. आपण कोणता धोका पत्करला, हे आयरिश खासदारांना निवडणूक उरकल्यावर कळले. महिन्याभरातच आयरिश पक्ष फुटला. ऑक्टोबर १८९१ मध्ये पार्नेल यांचे निधन झाले, वयाच्या ४५ व्या वर्षी.

पुढे काय झाले?

१८९२ मध्ये ग्लॅडस्टन चौथ्यांदा पंतप्रधान झाले. याच निवडणुकीत दादाभाई नौरोजी त्यांच्या पक्षातर्फे लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या तीन मतांनी निवडून आले. १८९३ मध्ये होमरूल विधेयक कनिष्ठ सभागृहात संमत झाले, पण उमरावांच्या सभागृहाने ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. पुढच्या वर्षी ग्लॅडस्टन पायउतार झाले आणि १८९८ मध्ये हावर्डन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची कागदपत्रे चरित्रासाठी सोपवली गेली ती मॉर्ली यांच्याकडेच. पुढे भारतमंत्री म्हणून ज्यांची भेट घ्यायला गोपाळ कृष्ण गोखले लंडनला जात, तेच हे मॉर्ली. त्यांचे त्रिखंडी चरित्र १९०३ मध्ये निघाले. पार्नेल यांना गाठण्याच्या त्या धडपडीची हकिगतही त्यात आहे.